उर्वरित पान सहावर

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात आंबिया बहाराची फळगळ झाली. झाडाखाली हिरव्या संत्र्यांचा सडा पाहून घरी आलो आणि पहिलं काम केलं ते पेपर बंद करण्याचं. दूध बंद करता येत नाही, गॅस बंद करता येत नाही, मोबाइलचं रिचार्ज बंद केलं तर पोरं बोलणं बंद करतात. उरला पेपर. तो बिचारा कुणाकडे तक्रार करत नाही.

पण मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या आमच्या पांढुर्ण्यासारख्या गावात 'परवडत नाही' असं म्हणायची सोय नसते. सकाळी म्हटलं की संध्याकाळपर्यंत व्याह्यांच्या कानावर जातं आणि दुसऱ्या दिवशी दुकानदार उधारीची वही उघडतो. म्हणून पेपर टाकणाऱ्या पोराला सांगितलं, "बाबू, डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टरनं वाचायला मनाई केली."

"कोणत्या डोळ्याचं, काका?"

एवढी तयारी मी केली नव्हती. "उजव्या," म्हणालो.

"मंग डाव्यानं वाचा ना," असा वैद्यकीय सल्ला देऊन तो सायकलवर निघून गेला.

दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी चहा घशाखाली उतरेना. पेपराशिवाय चहा म्हणजे नुसतं गोड गरम पाणी. मग आठवलं, गावात वाचनालय आहे. वीस वर्षांत तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. डोक्यात चित्र होतं ते जुनंच: एक लांब टेबल, कुलूपबंद कपाटं आणि पेपर तोंडावर घेऊन झोपलेले एक आजोबा.

दारात चपलांचा ढीग पाहून वाटलं, आत कुणाची तेरवी आहे. डोकावलो तर अर्धा मोहल्ला बसलेला. निवृत्त गुरुजी, कृषी केंद्राचे शेठ, बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून आलेले दोघे, आणि चक्क आमचे व्याही! ज्यांच्या ओसरीवर दोन-दोन पेपर पडलेले मी स्वतः पाहिले आहेत, ते.

"तुम्ही इकडे कसे?" मी विचारलं.

"सहजच," व्याही म्हणाले. "घरी येतातच पेपर. पण इथं बसून वाचायची मजा वेगळी. तुम्ही?"

"मीही सहजच."

शेठही सहजच आले होते. गुरुजींना एक संदर्भ पाहायचा होता, तो ते गेले चार महिने पाहत होते. मोजलं तेव्हा त्या खोलीत सतरा माणसं सहजच आलेली निघाली. सगळ्यांच्या घरी पेपर येत होता आणि सगळ्यांना इथली मजा वेगळी वाटत होती. महागाई हा शब्द कुणी उच्चारला नाही. तेवढ्यात वाचनालयाचे पेपर टाकायला तोच पोरगा आत आला. मला पाहून थबकला. मी मुकाट्यानं उजवा डोळा मिटला.

आमच्याकडे नागपूरचा मराठी पेपर येतो आणि हिंदीही येतात. वाचनालयात मराठी पेपर एक, वाचणारे सतरा. त्यामुळे तो येताच त्याचे भाग पडतात, वडिलोपार्जित शेताचे पडतात तसे. बाजारभावाचं पान शेठकडे, नागपूरच्या कळमना बाजारात संत्रा काय भावानं गेला ते पाहायला. अग्रलेख गुरुजींकडे, ते तो वाचत नाहीत, तपासतात, आणि लाल पेननं ऱ्हस्वदीर्घ सुधारतात. निधनवार्ता रात्रपाळीवाल्यांकडे, कारण त्यांच्या मते तेवढीच बातमी नंतर खोटी निघत नाही.

त्या दिवशी माझ्या वाट्याला पहिलं पान आलं. एका मंत्र्यांच्या चौकशीची बातमी अगदी रंगात आली होती. अधिकारी बंगल्यावर पोचले, कपाट उघडलं, आणि कपाटात... 'उर्वरित पान ६ वर'.

पान सहा व्याह्यांकडे होतं. ते त्याच पानावरचं राशिभविष्य वाचण्यात गुंग.

"कपाटात काय होतं?" मी हळूच विचारलं.

"कोणाच्या?"

"मंत्र्याच्या."

व्याह्यांनी पान चाळलं. "इथं कपाट-बिपाट काही नाही. 'एवढंच आढळल्याने अधिकारी माघारी फिरले' असं आहे. किती एवढंच?"

पहिलं पान मी त्यांच्याकडे सरकवलं, सहावं त्यांनी माझ्याकडे. तरी मधली एक ओळ छपाईत गेलेलीच होती. मग ती ओळ काय असेल यावर सतरा माणसांची चर्चा झाली. मुलीच्या लग्नात मानपानावरून व्याह्यांशी जे थोडं वाजलं होतं, त्यानंतर आम्ही पहिल्यांदाच सलग वीस मिनिटं बोललो.

ही झाली म्हाताऱ्यांची बाजू. नऊ वाजले की पोरं येतात. कुणी पटवारी होणार, कुणी पोलीस, कुणी रेल्वेत. पूर्वी ही पोरं भाड्याच्या 'लायब्ररी'त बसायची. नवीन पिढीची लायब्ररी म्हणजे एक हॉल, त्यात पुठ्ठ्याच्या आडोशाचे कप्पे, एसी, वायफाय आणि महिन्याचं भाडं. पुस्तक तिथं एकही नसतं. पुस्तकानं एका गिऱ्हाइकाची जागा अडते. पण बापाचा संत्रा गळाला की पोराचा एसी सुटतो. म्हणून पोरं इकडे वळली. इथं एसी नाही. पंखे दोन: एक फिरतो, दुसरा फिरायचा विचार करतो. मोबाइल चार्ज करायची खोबणी एक. त्यामुळे फिरत्या पंख्याखालची, खोबणीशेजारची ती एक खुर्ची म्हणजे आमच्या वाचनालयाचं सिंहासन.

गोटमार आमच्या गावाला नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा असतो. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि झेंडा कुणाचा यावरून दिवसभर दगड. प्रशासनानं एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते कुणाच्या पचनी पडलं नाही. वाचनालयातली गोटमार बिनआवाजाची असते. रुमाल, डबा, पाण्याची बाटली, सामान्य ज्ञानाचं गाईड ही तिची हत्यारं. सकाळी सातला एक पोरगा खुर्चीवर रुमाल टाकून जातो. आठला दुसरा येतो, रुमाल घडी घालून बाजूला ठेवतो आणि त्या जागी डबा ठेवतो. नऊला तिसरा येतो आणि काहीही न ठेवता सरळ बसतो. तोच पुढे पोलिसात लागेल, असा माझा अंदाज आहे.

या सगळ्यांवर देखरेख ठेवायला एकच माणूस, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. ग्रंथपाल, शिपाई, झाडूवाले, पंखादुरुस्तीवाले सगळे तेच. भिंतीवर त्यांनी पाटी लावली आहे: 'येथे झोपू नये'. एकदा एक पोरगा दोन खुर्च्या जोडून आडवा झाला, तेव्हा भाऊ जवळ जाऊन म्हणाले, "बाबू, आपल्या इलाख्यात पडल्या-पडल्या सारं समजते असा एकच देव हाये, जामसावळीचा हनुमान. तू उठून बस."

पोरांच्या हातात गाईडं असतात ती वाचनालयाची. नवी घ्यायला पैसे नाहीत, म्हणून कपाटात तीन पिढ्या एकत्र नांदतात. पहिल्या गाईडात मध्य प्रदेशात जिल्हे ४८ आहेत. दुसऱ्यात ५०. तिसऱ्यात ५२. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर छिंदवाड्यातून वेगळे काढून आमचा नवा जिल्हा झाला आणि राज्याचे जिल्हे ५५ वर गेले. गावात ढोल वाजले, गुलाल उधळला, कलेक्टर आले. पण वाचनालयाच्या कपाटापर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही. तिथं आम्ही छिंदवाड्यातच आहोत. एका पोरानं न राहवून तिन्ही गाईडांत पेन्सिलीनं '५५' लिहून ठेवलंय, आणि खाली कंसात 'आपण धरून'.

मग पोरं मला विचारतात, कारण मी समोर बसलेला असतो.

"काका, मध्य प्रदेशची स्थापना?"

"१ नोव्हेंबर १९५६," मी सांगतो आणि पुढे सुरू होतो. की बाबू, तोवर आपली राजधानी नागपूर होती. शंभरेक किलोमीटरवर. त्या तारखेला मराठी मुलखाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा इकडेच राहिला, आणि आपली राजधानी रात्रीतून भोपाळला गेली. घरात मराठी, शाळेत हिंदी, संत्रा नागपूरला, अर्ज भोपाळला...

"काका," पोरगा नम्रपणे म्हणतो, "पर्याय ब का क, एवढंच सांगा."

त्या तारखेचा वाचनालयांशी काय संबंध, हे मला सीमेपलीकडच्या, नरखेडकडच्या एका पाहुण्यांनी समजावलं. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे; हजारो वाचनालयांना त्याखाली मान्यता आणि सरकारी अनुदान मिळतं. मध्य प्रदेशात असा कायदाच नाही. म्हणजे आपण सीमेच्या अलीकडे पुस्तक उघडलं तर ती हौस, आणि पलीकडे उघडलं तर कायद्याची अंमलबजावणी! पाहुणे छाती काढून सांगत होते. मी विचारलं, "किती मिळतं?"

"आमचं वाचनालय ड वर्गात आहे," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. "आधी वर्षाला ३० हजार होते. पुढे साठ टक्के वाढवून ४८ हजार केले."

आम्ही दोघांनी चहाच्या कपाआड हिशेब केला. महिन्याचे चार हजार. त्यात ग्रंथपालाचा पगार, वीज, पेपर, पुस्तकं, झाडू आणि वर्षातून एकदा पाहुण्यांना हार. साठ टक्के हा शब्द ऐकताना किती भरदार वाटतो! पाहुण्यांची छाती आपल्या जागी गेली. मग ते म्हणाले, "गर्दी मात्र लय वाढली." मी म्हणालो, "आमचीही." कायदा असलेला आणि कायदा नसलेला, दोघांनी एकमेकांकडे समदुःखी नजरेनं पाहिलं.

आमच्या भाऊंचं खातं त्याहून सोपं आहे. जमेचा एकच भरवशाचा आकडा: रद्दी. महिन्याच्या शेवटी भाऊ रद्दी तोलतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कळमन्याच्या अडत्याचे भाव असतात. रद्दी संत्र्याच्या पेट्या भरणारे नेतात. म्हणजे मी वाचलेली मंत्र्याची बातमी पुढे एखाद्या संत्र्याला गुंडाळून दूरवर जाते. तिथं कुणी ती उलगडून वाचत असेल, तर त्यालाही पान सहा सापडणार नाही, याचं मला समाधान आहे.

एका दुपारी भाऊ कपाळाला हात लावून बसले होते. "लोकं नव्हते तेव्हा म्हणत, इथं येते कोण, पैसा कायले द्यायचा? आता इतके येऊन राहिले का खुर्च्या मोडून राहिल्या. तर म्हणतात, पैसा नाही, तंगी आहे. मी म्हणतो, तंगी आहे म्हणूनच येऊन राहिले ना बाप्पा!"

भाऊंना वाटत होतं की हे दुखणं फक्त पांढुर्ण्याचं. मी त्यांना धीर दिला. १९३० च्या दशकात अमेरिकेत महामंदी आली, कारखाने बंद पडले, तेव्हा बेकार माणसं ग्रंथालयांत जाऊन बसू लागली. ऊब फुकट, पेपर फुकट, आणि घरी विचारलं तर 'काम शोधतोय' म्हणता येत होतं. वाचक वाढले आणि नेमका त्याच वर्षांत पुस्तकखरेदीचा पैसा कापला गेला. २००८ च्या मंदीतही तेच. ब्रिटनमध्ये तर २०१० नंतरच्या दशकात काटकसरीच्या नावाखाली आठशेच्या आसपास वाचनालयं मिटली. न्यूयॉर्कसारख्या शहरात नोव्हेंबर २०२३ मध्ये बजेट कापलं म्हणून ग्रंथालयांची रविवारची दारं बंद झाली. लोकांनी ओरड केली, तेव्हा २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा उघडली.

"न्यूयॉर्कचं?" भाऊंनी दोनदा विचारलं. मग उठून त्यांनी न फिरणाऱ्या पंख्याला काठीनं ढोसलं. त्यांच्या चालण्यात त्या दिवशी आंतरराष्ट्रीय रुबाब होता.

सौंसरला माझे साडू राहतात. जिल्ह्याचं मुख्यालय आम्हाला मिळाल्यापासून ते फोनवर आधी "बोला, जिल्हेवाले" म्हणतात. त्यांना वाचनाचं वेड जुनं. नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी होती तोवर त्यांचं वाचनालय रुळावर होतं. सौंसरहून निघताना कादंबरी उघडायची, नागपूर येईपर्यंत नायक-नायिकेचं भांडण व्हायचं आणि परतीच्या गाडीत समेट. गाडी इतकी सावकाश की वाटेत उतरून चहा पिऊन परत त्याच डब्यात, त्याच परिच्छेदावर बसता येई, असं ते सांगतात. २०१५ मध्ये छोटी गाडी बंद झाली, पुढे रूळ रुंद झाले. "आता गाडी अशी पळते," साडू म्हणतात, "का नायिकेचं नाव कळायच्या आत इतवारी स्टेशन येते." म्हणून ते आता वाचनालयात बसतात. तिथंही तेच: पोरं, डबे, रुमाल. त्यांनी एक कादंबरी तीन आठवडे वाचली, कारण रोज सकाळी ती एका पोराच्या मोबाइलखाली टेकू म्हणून सापडायची. "व्हिडिओ संपल्याशिवाय मले पुस्तक भेटत नाही," साडू म्हणाले. "तुमच्या जिल्ह्यात काही कायदा आहे का नाही?"

टेकू हा काही पुस्तकाचा अपमान नव्हे. एस. आर. रंगनाथन नावाचे मद्रासचे गणिताचे प्राध्यापक पुढे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. जगभर ते शिकवले जातात. पहिलाच नियम असा की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. कशासाठी वापरायची, ते मात्र त्यांनी मोकळं ठेवलं, आणि आमच्या गावानं त्या मोकळेपणाचा पुरेपूर फायदा घेतला आहे. जाड शब्दकोश डगमगत्या टेबलाच्या पायाखाली आहे. एक प्रवासवर्णन खिडकी उघडी राहावी म्हणून फटीत बसवलंय, त्यामुळे आता ते खरंच घराबाहेर पडलं आहे. पाचवा नियम सांगतो की ग्रंथालय वाढत राहतं. आमचं माणसांनी वाढलं. खोली तेवढीच राहिली.

या सगळ्यांत एक कपाट असं होतं की त्याला कुणी हात लावत नव्हतं. मराठी कथा-कादंबऱ्यांचं. पोरांची परीक्षा हिंदीत, त्यामुळे मराठी त्यांच्या दृष्टीनं अभ्यासक्रमाबाहेरची. घरी आईशी बोलायची भाषा, ती काय वाचायची? गुरुजी अधूनमधून त्या कपाटाकडे, म्हाताऱ्या नातेवाइकाकडे पाहावं तसं पाहायचे.

आणि भाद्रपदातल्या एका दुपारी वीज गेली. फिरणारा पंखाही विचारात पडला. उकाडा असा की सिंहासनावरच्या पोराला पहिल्यांदाच आपण चुकीच्या जागी बसल्याचं कळलं, कारण मागे भिंत होती आणि बाजूला ते कपाट. वारा घ्यायला काही हवं म्हणून प्रत्येकानं हाताला येईल ते पुस्तक उचललं. त्याच्या हाताला लागलं मराठी कपाटातलं. पातळ, वजनाला हलकं, वाऱ्याला उत्तम. मिनिटभरात सगळी खोली पुस्तकं हलवत होती. रंगनाथन असते तर भरून पावले असते. कपाटाला चार-पाच वर्षांत एवढी हवा लागली नव्हती.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की एक हात हलायचा थांबलाय.

वीज आली. पंखा फिरला. पोरानं सामान्य ज्ञानाचं जाडजूड गाईड पुन्हा पुढ्यात उभं धरलं, तेच ४८ जिल्ह्यांचं. आमच्या लहानपणी आम्ही पाठ्यपुस्तकात गोष्टीचं पुस्तक लपवून वाचायचो, त्यामुळे ते उभं धरणं मी लांबूनच ओळखलं. गाईड पुढे असं धरतात तेव्हा आत दुसरं काहीतरी चाललेलं असतं. अर्धा तास त्यानं पानं उलटली, पण गाईडाची नाहीत.

पुढे आंबियाचा उरलासुरला संत्रा बरा गेला. पेपर टाकणारा पोरगा दारात येऊन म्हणाला, "काका, डोळा सुधारला असल तर चालू करू का?" मी हो म्हणालो. पहिल्या दिवशी अख्खा पेपर हातात घेऊन ओसरीवर बसलो. पहिलं पान वाचलं, 'उर्वरित पान ६ वर' आलं, पान सहा उघडलं, बातमी संपली. विचारायला कुणी नाही, सांगायला कुणी नाही, सगळी पानं माझ्याच मांडीवर. असला सपक पेपर मी आयुष्यात वाचला नव्हता. घडी करून बगलेत मारला आणि वाचनालय गाठलं. तिथं व्याही आधीच आले होते. त्यांच्याही बगलेत पेपर होता. म्हणजे खरंच येत होता तर! भाऊंनी दोन्ही पेपर ताब्यात घेऊन सुटे केले आणि रद्दीच्या हिशेबात मनातल्या मनात दोन पेपर वाढवले.

पंख्याखालच्या खुर्चीत तोच पोरगा होता, गाईड उभं धरून. मी मागून गेलो. गाईडाच्या पोटात ते पातळ पुस्तक नव्हतं, दुसरंच होतं. ते संपलं असावं.

"काय वाचून राहिला रे बाबू?"

त्यानं दचकून गाईड मिटलं. कानापर्यंत लाल झाला.

"काही नाही काका," म्हणाला. "सहजच."